ऐपत असूनही हल्लीची मुलं वापरलेले कपडे विकत का घेतात?

तुम्ही लिहिलंय की मुलगी कॉलेजात आहे, घरात कशाची ददात नाही, तरी ती इन्स्टाग्रामवरून कुणाकुणाचे वापरलेले शर्ट आणि जॅकेटं मागवते. सासूबाईंना ते मुळीच पटत नाही, आणि हे खूळ आलं कुठून, असे कपडे घ्यावेत का, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय. माझं पुण्यात कपडे आल्टर करून द्यायचं दुकान आहे. लॉकडाऊननंतर असे कपडे माझ्या टेबलावर सारखे येतात, म्हणून लिहिते.

आधी किमतीचं, कारण सगळ्यांना तेच कारण वाटतं. हे कपडे स्वस्त असतात हे अर्धंच खरं. बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेजवळ जो जुना बाजार भरतो, तिथे शे-दोनशेत जीन्स मिळते. तीच धुऊन, इस्त्री करून, कुंडीशेजारी टांगून फोटो काढला की ऑनलाइन सहा-सातशेला जाते. वर कुरिअर, वर माझी शिलाई. एवढ्या पैशांत मॉलच्या सेलमध्ये कोरी पँट येते. मुलींना हा हिशोब आपल्यापेक्षा चांगला कळतो, तरी त्या घेतात.

मला विचाराल तर खरी ओढ आहे ती आपण निवडण्याची.

वापरलेले कपडे तुमच्या-माझ्या लहानपणीही होतेच की. थोरलीचे धाकटीला, मामेबहिणीचा फ्रॉक आपल्याला, युनिफॉर्म दोन इयत्ता मोठा शिवून खाली दुमड घालून ठेवलेला. तान्ह्या बाळाला तर मुद्दाम आजीच्या जुनेराची दुपटी करायची, कोरं कापड टोचतं म्हणून. लुगडं मधे विरलं की तेवढा भाग कापून टाकायचा, उरलेले दोन धड तुकडे जोडून दंड घालायचा आणि पुन्हा नेसायला काढायचं. यात कुणाला वावगं वाटत नसे. पण तुला हा रंग आवडतो का, असं कुणी विचारतही नसे. मिळालं ते घालायचं, आणि देणाऱ्या मावशीसमोर दोनदा घालून दाखवायचं! आजच्या मुली मावशीने दिलेला कुर्ता कपाटाच्या तळाशी ढकलतात आणि अनोळखी बाईचा कुर्ता पैसे मोजून घेतात, ते याचमुळे. मावशीच्या कुर्त्याबरोबर उपकार येतात. दुसरा आपण शोधलेला असतो, तिथे कुणाचं देणं लागत नाही.

त्यातून ऑनलाइन विक्रीची पद्धतही अशी की माणूस गुंततो. ठरलेल्या वेळी दुकानवाली एकदम वीस-पंचवीस कपडे टाकते, प्रत्येकाचा एकच नग, जी आधी मेसेज करेल तिचा. सगळ्या मैत्रिणींच्या अंगावर एकाच कंपनीचा एकच टॉप असण्याच्या काळात आपल्यासारखा दुसरा कुणाकडे नाही, याला मोल आहे. माझ्याकडे येऊन पोरी शर्ट दाखवण्याआधी तो कसा मिळाला ते सांगतात.

धंदा म्हणून यात नवीन काही नाही. दारावर येणारी बोहारीण आठवत असेल. दोन पँटी आणि तीन साड्यांवर एक पातेलं. ती आधी कॉलर उलटी करून बघायची, पँटची बैठक उजेडाकडे धरायची, काखेत बोट घालून शिवण ताणायची, आणि मग पातेलं पुन्हा टोपलीत ठेवून आणखी एक साडी मागायची. या बायका बहुतेक मूळच्या गुजरातेतल्या वाघरी, म्हणजे देवीपूजक समाजाच्या. त्यांनी नेलेले कपडे धुतले जातात, रफू होतात, बटणं लागतात आणि बाजारात येतात. दिल्लीत रघुबीर नगरला त्यांचा असा मोठा बाजार पहाटे अंधारात सुरू होतो. घेणारे कोण, तर बिगारी, हमाल, गावाहून नुकती आलेली कुटुंबं. आपण फक्त देणारे होतो, आता आपली मुलं घेणाऱ्यांच्या रांगेत उभी आहेत, इतकाच काय तो फरक. आणि हो, थ्रिफ्टवाल्या, म्हणजे असे वापरलेले कपडे हौसेने घेणाऱ्या मुलींना पारखून माल निवडण्याचा जो अभिमान असतो, ती पारख बोहारणीकडे पिढीजात होती. तिचं कौतुक मात्र कुणी केलं नाही.

सासूबाईंच्या नापसंतीला हसू नका. आपल्याकडे दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेला कपडा ही साधी गोष्ट नव्हती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांची वस्त्रं म्हणजे मेलेल्या माणसांची वस्त्रं, असा दंडकच घालून दिलेला आहे. आपल्या गावगाड्यात मढ्यावरचं कापड महारांच्या वाट्याला यायचं, आणि तो त्यांचा हक्क म्हणून मिरवलाही जायचा. 25 डिसेंबर 1927 ला महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली, आणि त्याच मुक्कामात जमलेल्या बायकांना लुगडं नेसण्याची पद्धत बदला, स्वच्छ आणि नीटनेटकं राहा, असं सांगितलं. ज्या घरांनी अंगावरचं कापड आपल्या मर्जीचं असावं यासाठी झगडा दिला, तिथल्या आजीला नातीचं थ्रिफ्टचं जॅकेट खुपलं तर तिचं काय चुकलं? जुनं घालून मिरवायची चैन ज्याला कुणी जुनं घालायची सक्ती केली नाही त्यालाच सुचते. तुमच्या घरचं कारण कदाचित निराळं असेल, शिवाशिवीचं किंवा गेलेल्या माणसाचं घालू नये हे. ते मला तितकंसं पटत नाही. पण वाद घालण्याआधी कोणतं कारण आहे ते विचारून तरी बघा.

आता कापडाचं. मध्यंतरी एक मुलगी पुरुषी कोट घेऊन आली. लोकरीचा, करड्या रंगाचा, खांदे तिच्या दीडपट. आतलं अस्तर उसवलं तर पाठीच्या मधल्या शिवणीत चांगली इंचभर मार्जिन दाबलेली, बाहीच्या टोकाशी तेवढीच, आणि खिशाच्या तोंडाला आतून जाड कापडाची पट्टी, हात घालून घालून फाटू नये म्हणून. कॉलरच्या खाली हाताचे बारीक तिरके टाके, ओळीने. ज्याने शिवला त्याला हा कोट पुढे कधीतरी सैल करावा लागेल, घट्ट करावा लागेल, हे माहीत होतं आणि त्याची सोय त्याने करून ठेवली होती. आजच्या स्वस्त रेडिमेड टॉपमध्ये कापडाची कड बांधणाऱ्या ओव्हरलॉकच्या दोऱ्यापलीकडे एक सूतही कापड नसतं. घट्ट झाला की संपला, माझ्यासारखीला त्यात करण्यासारखं काही उरत नाही. जीन्सचंही तेच. जुन्या निव्वळ सुती जीन्स घट्ट आणि जड असतात, पण वर्षानुवर्षं आकार सोडत नाहीत. हल्लीच्या स्ट्रेचमधलं इलॅस्टेन, म्हणजे ताणणारा धागा, मेलं की गुडघ्यावर फुगे येतात, त्यावर इलाज नाही. म्हणजे जुनं ते सोनं असं मुळीच नाही. भिकार कपडे तेव्हाही शिवले जायचे, ते फाटून कधीच गेले. जे अजून बाजारात फिरतंय ते बहुधा टिकाऊच असतं.

साड्यांची गोष्ट वेगळी, आणि तिथे मला मुलींचं खरंच कौतुक वाटतं. जुन्या इरकली, नारायणपेठी, पैठण्या त्या अनोळखी घरांतून विकत घेतात. पैठणी घेताना पदर उलटा करून बघायला शिकवा. हातमागावरच्या खऱ्या पैठणीत पदरावरचा मोर किंवा वेल दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. यंत्रावरच्या पैठणीत मागच्या बाजूला दोरे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. दुसरं, रेशीम घडीवर विरतं. वर्षानुवर्षं एकाच घडीत पडलेली साडी वरून झकास दिसते आणि निऱ्या घालताना घडीच्या रेघेवर टरकन फाटते. तरी अशी साडी टाकायची नाही. पदर आणि काठ सोडवून ते नव्या सिल्कवर बसवता येतात, मी बरेचदा करून देते. पूर्वी जुन्या जरीच्या साड्या घेणारे दारोदार फिरत आणि जर जाळून त्यातली चांदी काढत. किती सुंदर पदर असे भट्टीत गेले असतील! एखादीने हौसेने विकत घेऊन तो खांद्यावर टाकला तर बरंच की.

एका गोष्टीला मात्र मुलीला सावध करा. ऑनलाइन ‘इम्पोर्टेड व्हिंटेज’ असं लिहिलेलं दिसलं की मी भुवया उंचावते. वापरलेले कपडे अंगावर घालण्याजोग्या स्थितीत भारतात आणायला सरकारी परवाना लागतो. चिंध्या म्हणून आणायचे तर आधी फाडलेले असावे लागतात. पानिपतला परदेशी लोकरी कपड्यांच्या अशाच गासड्या जातात, त्यांचं पुन्हा सूत काढून घोंगड्या-ब्लँकेटं होतात. गुजरातेत कांडल्याच्या सेझमध्ये, म्हणजे निर्यातीसाठीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात, कपडे वर्गवारी करून बाहेरदेशी धाडले जातात. या वाटांवरून बराच माल गळून बाजारात येतो, हे उघड गुपित आहे. माल वाईट असतो असं नाही, पण ‘पॅरिसच्या आजीचं कपाट’ वगैरे कथा ऐकून दुप्पट पैसे मोजू नयेत. फॅशन स्ट्रीटवरचा एक्सपोर्ट सरप्लस, म्हणजे निर्यातीसाठी शिवून उरलेला माल, हा तर मुळात वापरलेला नसतोच, तोही काही दुकानं थ्रिफ्ट म्हणून खपवतात.

पर्यावरणासाठी घेतो, असंही मुलं सांगतात. एका सुती टी-शर्टमागे 2,700 लिटर पाणी लागतं हा आकडा त्यांना पाठ असतो. तो अंदाज आहे, पण कपाशीला पाणी किती लागतं हे आपल्याला सांगायची गरज नाही. प्रश्न असा की जुना शर्ट घेतल्यामुळे नवा घ्यायचा राहिला का? राहिला तर पाणी वाचलं. स्वस्त आणि पुण्यकर्म म्हणून महिन्याला पाच घेतले, तर कपाट तेवढं भरलं. युरोपात व्हिंटेड नावाचं अ‍ॅप घराघरांत आहे. 2008 मध्ये लिथुआनियात सुरू झालेलं. माझी जर्मनीतली भाची मुलांचे सगळे कपडे त्यावरच घेते आणि लहान झाले की त्यावरच विकते. हा व्यवहार मला पटतो, कारण मुलं खरंच वाढत असतात. पण तिकडे जे कुणालाच नको असतं ते गासड्यांतून घानाच्या आक्रासारख्या शहरांत जाऊन पडतं. तिथल्या कांटामांटो बाजारात हजारो लोक त्यावर पोट भरतात आणि न खपलेला माल गटारांतून समुद्रकिनाऱ्यावर जातो. जुनं घेतलं म्हणजे पाप धुतलं गेलं, असं मी तरी कुणाला सांगणार नाही.

घ्यावेत का? घेऊ द्या. स्वच्छतेची भीती फार बाळगू नका. कपडा सोसत असेल तर गरम पाण्यात धुवा, उन्हात कडक वाळवा, उलट्या बाजूने इस्त्री फिरवा. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही. ढेकूण मात्र चिवट, म्हणून पार्सल पलंगावर उघडायचं नाही, आणि जाड जॅकेटच्या शिवणी व खिशांचे कोपरे नीट बघायचे. आतले कपडे आणि पोहण्याचे कपडे घेऊ नयेत. बुटांचा तळवा दुसऱ्याच्या चालीने झिजलेला असतो, तेही नकोत. काखेतला पिवळा डाग निघत नाही, मी प्रयत्न करून थकले आहे. डांबरगोळीचा वास जातो, पण आठवडाभर वारं दाखवावं लागतं.

आणि साइझच्या लेबलवर विश्वास नको. देशोदेशीचे आणि वेगवेगळ्या काळातले एम म्हणजे वेगवेगळी मापं. मुलीला तिच्या अंगाला नेमका बसणारा एखादा शर्ट जमिनीवर सपाट पसरायला सांगा. एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत, खांद्याच्या शिवणीपासून शिवणीपर्यंत आणि लांबी, अशी मापं इंचांत घेऊन विकणारीच्या मापांशी ताडून बघायला सांगा. दीड-दोन इंच मोठा असेल तर माझ्यासारखी कुणीही बेतून देईल. लहान असेल तर आतल्या शिवणीचा फोटो मागवा, मार्जिन असेल तरच घ्या. बहुतेक जणी परत घेत नाहीत, तेव्हा हे सगळं पैसे पाठवण्याआधी. फोटो पाठवायला टाळाटाळ करणारीकडून घेऊच नका.