प्लासेंटा प्रीव्हियातला 'प्रीव्हिया'

नौपाड्यातल्या एका ताईंनी विचारलंय : वहिनीच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'प्लासेंटा प्रीव्हिया' लिहिलंय. 'प्रीव्हियस'सारखं दिसतं, तर आधीच्या बाळंतपणातली वार आत राहून गेली असा अर्थ आहे का?

ताई, तसा अर्थ नाही. पण शब्दांचं नातं तुम्ही अचूक ओळखलंत. दोन्ही शब्द लॅटिनमधल्या 'प्राएविउस'चे. 'प्राए' म्हणजे पुढे, 'विआ' म्हणजे वाट; वाटेत पुढे असलेला तो प्राएविउस. जो पुढे तो आधी पोचणार, म्हणून इंग्रजीत शब्द काळाकडे वळला आणि 'आधीचा' झाला. वैद्यकाने मात्र जागेचाच अर्थ धरून ठेवला : बाळाच्या बाहेर येण्याच्या वाटेवर, त्याच्या पुढ्यात वार आलीय, गर्भाशयाचं तोंड तिने झाकलंय. आपल्या 'पूर्व'चा प्रवास थेट असाच आहे. संस्कृतात पूर्व म्हणजे समोरचा, पुढचा. उगवतीकडे तोंड केलं की समोर येते ती पूर्व दिशा, आणि त्याच शब्दाचं 'पूर्वी' झालं की तो काळ. मला ही जोडी फार आवडते.

प्लासेंटा हा मुळात रोमन लोकांचा खाऊ. पिठाच्या पातळ पोळ्यांचे थर, मधे मेंढीच्या दुधाचं चीज आणि मध. कॅटोने शेतीवरच्या आपल्या ग्रंथात त्याची कृती दिलीय. इटालियन शरीरशास्त्रज्ञ रेआल्दो कोलोंबोने 1559 साली छापलेल्या ग्रंथात वारेला हे नाव वापरलं, तिच्या चपट्या गोल आकारावरून. रुमानियात 'प्लाचिंता' आजही खातात! लॅटिनमध्ये प्लासेंटा स्त्रीलिंगी, म्हणून विशेषणही 'प्रीव्हिया'. आपण 'आडवी वार' म्हणतो तसंच.

रिपोर्टात 'इंटर्नल ऑस' असेल तर तिथे 'ऑस' म्हणजे तोंड. लॅटिनमध्ये हाडालाही 'ऑस'च म्हणतात, पण तोंडाचा ओ दीर्घ, हाडाचा ऱ्हस्व. आपल्या दिन-दीनसारखा फरक.

आता वहिनींचं. साधारण 20 आठवड्यांना वार खाली दिसली, तरी गर्भाशय वाढतं तशी ती पुष्कळदा वर जाते, म्हणून डॉक्टर पुढे पुन्हा सोनोग्राफी सांगतात. शेवटपर्यंत तोंड झाकलेलंच राहिलं तर सिझेरियन करतात. मधे अंगावरून रक्त गेलं, तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठा.