राजीनाम्यावर सही करू नका, स्टूल लेखी मागा

दादा, तुमची पोस्ट वाचली: वहिनींना पाचवा महिना, चाकणला वायरिंग हार्नेसच्या (गाडीतल्या वायरींच्या जुडग्यांच्या) लाइनवर आठ तास उभं राहायचं, स्टूल मागितलं तर सुपरवायझर म्हणतो, "जमत नसेल तर राजीनामा लिहून दे." आधी एकच सांगते, राजीनामा द्यायचा नाही. कुठल्याच कागदावर सही करायची नाही.

मीही लाइनवर होते. सहाव्या महिन्यात मला ऑफिसात बोलावून टाइप केलेला कागद पुढे ठेवला. 'मी स्वखुशीने राजीनामा देत आहे' असं लिहिलेलं होतं, फक्त तारखेची जागा रिकामी. पाय सुजलेले, डोकं चालत नव्हतं, केली सही. त्या 'स्वखुशीने' शब्दामुळे पुढे कामगार कार्यालयात माझी बाजू लंगडी पडली. म्हणून इतकं ठासून लिहितेय.

आता स्टूल. ही काही गरोदर बाईला दिलेली सवलत नाही. उभ्याने काम करणाऱ्या प्रत्येक कामगारासाठी बसायची सोय हवी, हे १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४४मध्ये होतं, आता त्याच्या जागी आलेल्या कामगार सुरक्षा-आरोग्याच्या नव्या संहितेतही आहे. मधे उसंत मिळेल तेव्हा टेकता यावं, एवढ्यासाठी. त्यामुळे वहिनींनी ते हक्कानं मागावं.

काम बदलून मिळण्याचं थोडं वेगळं. प्रसूती लाभाचा १९६१चा कायदा २१ नोव्हेंबर २०२५पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, पण ही तरतूद कायम आहे: बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधी साधारण दहा आठवड्यांपासून, बाईने मागणी केली तर कष्टाचं किंवा तासन्‌तास उभं राहायचं काम देता येत नाही. हलकं काम दिलं म्हणून पगारही कापता येत नाही. मागणी मात्र तिनेच करायला हवी. पाचव्या महिन्यात हे कलम अजून लागू होत नाही, म्हणून आत्ता डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. 'जास्त वेळ उभं राहू नये' असं त्यात स्पष्ट लिहून घ्या. अर्ज दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.

वहिनी ठेकेदाराकडून कामाला असल्या तरी बाळंतपणाची रजा बुडत नाही. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे. पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापतात का ते स्लिपवर बघा; कापत असतील तर रजेचे पैसे ईएसआयकडून येतात आणि ते चालू असताना कामावरून काढता येत नाही.

त्याच लाइनवरच्या पोलिओ झालेल्या मुलाचंही तुम्ही लिहिलंय. कँटीन दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट फक्त मालाची, म्हणून तो डबा मशीनपाशीच खातो. हे वाचून फार वाईट वाटलं. सरकारी नोकरीत नोकरीदरम्यान अपंगत्व आलं तर पगार तोच ठेवून दुसरं काम द्यावंच लागतं; खासगीत तितकं पक्कं संरक्षण नाही. पण २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २१प्रमाणे खासगी कंपनीलाही समान संधी धोरण करावं लागतं आणि त्याची प्रत दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवावी लागते. त्याने एचआरकडे ती प्रत मागावी आणि जेवायची सोय खाली करा असा अर्ज द्यावा. टाळाटाळ झाली तर दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच आहे, थेट तक्रार करता येते.

वहिनींचा अर्ज उद्याच द्या. मसुदा लिहून इथे टाका, मी बघून देते.