बहीण हुशार, भाऊ ‘ढ’? आधी त्याचा कान तपासा

प्रश्न : आम्ही राळेगाव तालुक्यातले (जि. यवतमाळ). मोठी मुलगी बारावी विज्ञानला आहे, तिला दहावीत 88 टक्के होते. मुलगा 14 वर्षांचा, नववीत. पहिल्या सत्रात बीजगणितात 40 पैकी 9. घर एक, शाळा एक, शिकवणीही एकच, मग एक अशी अन् दुसरा असा का? लहानपणी त्याचा उजवा कान फुटायचा, एवढं सोडलं तर तब्येत चांगली. मोटारपंप खोलून बसवतो, फवारणीच्या औषधाचं माप तोंडी सांगतो. रात्री ओलिताला माझ्यासोबत येतो. तालुक्याला बोटांचे ठसे घेऊन बुद्धी तपासून देतात, 3,500 रुपये घेतात. ती तपासणी करावी का? दहावीला त्याला नागपूरच्या होस्टेलात टाकावं का?
– एक कास्तकार

भाऊ, नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही ‘एवढं सोडलं तर’ म्हणून बाजूला टाकली आहे. कान फुटायचा. सुरुवात तिथूनच करू.

वारंवार कान वाहिला की पडद्याला भोक राहू शकतं. मग आवाज आत जातो, पण मंद. असा पोरगा बहिरा वाटत नाही. हाक मारली की येतो, मोबाइलवर बोलतो. अडचण वर्गात होते. सर फळ्याकडे तोंड करून बोलतात, वर पंखा घरघरतो, पावसाळ्यात पत्रे वाजतात. एकच कान अधू असला तरी अशा गोंगाटातून शब्द वेगळा काढणं जड जातं. ‘वजा करा’ ऐकू येतं, कशातून ते निसटतं. दोन ते सहा या वयात, बोली पक्की होत असताना हे चाललं असेल, तर शब्दसाठाच कमी राहतो. त्याची खूण पुढे मराठीत, इतिहासात आणि गणिताच्या शाब्दिक उदाहरणांत दिसते.

घरी एवढं करून बघा. पंखा चालू ठेवा, त्याच्या मागे दहा फुटांवर उभे राहा आणि साध्या आवाजात दहा सुटे शब्द सांगा: दार, गार, फार, पाच, सात, असे जवळजवळ सारख्या नादाचे. त्याने ते परत म्हणायचे. आधी डावा कान बोटाने दाबून, मग उजवा. एका बाजूला दोन-तीनपेक्षा जास्त चुकले तर थांबू नका. खरं तर कानाचा इतिहास आहे, त्यामुळे नाही चुकले तरी एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून पडदा बघून घ्या आणि ऑडिओग्राम, म्हणजे किती ऐकू येतं याचा आलेख, काढा. यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सेवाग्रामचं रुग्णालयही तुम्हाला लांब नाही. दोन्ही कानांचा आलेख वेगवेगळा मागा. तोवर कानात तेल सोडणं पूर्ण बंद, आणि डोक्यावरून अंघोळ करताना व्हॅसलीन लावलेला कापूस कानात घालायचा. शाळेत त्याला पहिल्या-दुसऱ्या बाकावर, फळ्याकडे तोंड केल्यावर उजव्या हाताच्या भिंतीशी बसवायला सांगा, म्हणजे चांगला डावा कान वर्गाकडे राहील.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळेल, अशी आशा मात्र धरू नका. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘ऐकण्यास जड’ या गटासाठी दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबलचा ऱ्हास लागतो. याचा बहुधा त्यात बसणार नाही. म्हणजे कागदावर ठीक आणि वर्गात अडलेला, अशी ही स्थिती असते, आणि म्हणूनच ती सुटून जाते.

आता ‘घर एक’ याबद्दल. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मीच जनुकं सारखी असतात. कोणती निम्मी ते प्रत्येक खेपेला वेगळं. आणि घरही दोघांना एकच मिळालेलं नाही. रब्बीत लाइन रात्री येते तेव्हा तुमच्यासोबत वावरात कोण जातं? तो. ती झोपलेली असते, आणि ते योग्यच आहे. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. रात्री दोनला मोटार सुरू करून सकाळी शाळेत बसलेलं पोरगं बीजगणित करत नाही, डोळे उघडे ठेवतं. पेरणी, डवरणी, कापूस वेचणी यात त्याचे शाळेचे किती दिवस गेले, ते हजेरीपत्रकातून पाचवीपासून मोजा. गणित हा साखळीचा विषय आहे. अपूर्णांकांच्या आठवड्यात तो वावरात असेल, तर समीकरण त्याला आज कळणार नाही, शिकवणी कितीही लावा. शिवाय मुलांची वयात येण्याची वाढ मुलींपेक्षा साधारण वर्ष-दोन वर्षं मागे असते. नववीतल्या बहिणीशी नववीतल्या भावाची तुलना म्हणून खोटी ठरते. तुलना करायचीच तर त्याच्या गेल्या वर्षाच्या वहीशी करा.

रक्तही तपासा. 12 ते 14 वयात हिमोग्लोबिन 12च्या खाली असलं की रक्तक्षय धरतात. असं पोरगं आळशी दिसतं आणि शिव्या खातं. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असल्याने त्याची सोल्युबिलिटी चाचणी सोबतच करून घ्या. नुसता वाहक निघाला तर अभ्यासाला काही बाधा नाही. आजार निघाला तर लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. त्या दिवशी त्याला वावरात नेऊ नका, डोळेही तिथेच तपासून होतात.

तुम्ही लिहिलेली दुसरी मोलाची गोष्ट औषधाचं माप. लिटरला 2 मिली, 15 लिटरच्या पंपाला 30, एकराला 10 पंप तर 300, तीन एकरांना 900 मिली. हे प्रमाण आहे, गुणाकार आहे, एककाचं भान आहे. जो हे तोंडी करतो, त्याचं डोकं गणितात बंद नाही. (हिशेब त्याने करावा, पंप मात्र त्याच्या पाठीवर नको. 2017मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली.) मग तो अडतो कुठे? चौथीच्या बालभारतीतला शंभरेक शब्दांचा उतारा त्याला मोठ्याने वाचायला द्या आणि चार प्रश्न विचारा. दुसरा तेवढाच उतारा तुम्ही त्याच्या समोर बसून वाचा आणि चार प्रश्न विचारा. ऐकून उत्तरं येतात, पण वाचताना जोडाक्षराला ठेचकाळतो, ओळ सुटते, शब्दाचा अंदाज बांधतो, असं झालं तर अडचण वाचनाची आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका यात मोजू नका, त्या सगळ्यांच्याच होतात. घरची वऱ्हाडी बोली हीसुद्धा चूक नव्हे.

तसं निघालं तर अध्ययन अक्षमतेची (बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणित अडणं) तपासणी शासकीय रुग्णालयातून करून घ्या. याच 2016च्या कायद्यात ती अक्षमता येते. प्रमाणपत्र 14व्या वर्षी आणि 18व्या वर्षी पुन्हा तपासतात, म्हणून आत्ता काढलेलं दहावीला चालेल. परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा वेळ मिळतो. अर्ज मुख्याध्यापकांमार्फत अमरावती विभागीय मंडळाकडे जातो. तो नववीत असतानाच हलवा. दहावीच्या जानेवारीत धावपळ करून उपयोग नसतो.

वाचन ठीक आणि गणितच कच्चं निघालं, तर चौथी ते सातवीच्या पुस्तकांतून प्रत्येकी पाच उदाहरणं घालून बघा. ज्या इयत्तेत पाचांतली तीन चुकतील, तिथून सुरू. रोज 25 मिनिटं, नववीच्या शिकवणीच्या जागी, तिच्या जोडीला नव्हे.

ठशांची तपासणी करू नका. बोटांवरच्या रेघा आईच्या पोटात, साधारण पाचव्या महिन्यापर्यंत ठरून जातात. त्यांच्यावरून ना गणित कळतं ना कल. ‘उजवा मेंदू प्रबळ’ असं लिहिलेला रंगीत अहवाल कोणत्याही पोराला बसतो. बुद्धिमापन वेगळं. 1905मध्ये पॅरिसला मानसशास्त्रज्ञ बिने यांनी पहिली चाचणी केली ती कोणाला जास्त मदत लागते हे शोधायला, नंबर लावायला नव्हे. तिचं बिने-कामत हे आपल्याकडचं रूप प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ समोर बसवून घेतात. गरज पडली तर तीच करू, पण कानाआधी नाही. ऐकू न आलेल्या प्रश्नाचं उत्तर चुकतं, आणि आकडा कायमचा कपाळी बसतो.

होस्टेल? आत्ता नको. साठ पोरांच्या वर्गात मागच्या बाकावरचा अधू कान नागपुरात बरा होत नाही. शिवाय घरी त्याला मोटार उघडता येते. जिथे तो हुशार ठरतो अशी ती एकच जागा आहे.

पुढचा रस्ता त्या हातांमधूनच दिसतो. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन हा दोन वर्षांचा ट्रेड, त्याला विज्ञान-गणितासह दहावी पास लागते. म्हणून गणित सोडून चालणार नाही, पण 88 टक्केही लागत नाहीत. डिझेल मेकॅनिक एक वर्षाचा. दहावी अडलीच तर वायरमन आणि वेल्डर हे ट्रेड आठवी पासवर आहेत. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, म्हणजे इंजिनिअरिंगचं दार बंद होत नाही, थोडं फिरून उघडतं. कान वाहता राहिला तर मात्र ग्राइंडर-वेल्डिंगच्या गोंगाटाचे ट्रेड टाळा; वायरिंग, मोटार रिवाइंडिंग बरं.

ऑडिओग्रामची प्रत, हिमोग्लोबिनचा आकडा, पाचवीपासूनच्या गैरहजेरीचे दिवस आणि दोन्ही उताऱ्यांची किती उत्तरं बरोबर आली, एवढं पाठवा. ट्रेड त्यावरून ठरवू. तोपर्यंत ठशांचे आणि होस्टेलचे पैसे खिशातच राहू द्या, आणि रात्रीच्या ओलिताला दुसरं कोणी बघा.