आत्याने दिलेल्या सव्वाचार लाखांची गाडी घेऊ का?

प्रश्न: ताई, मी २२ वर्षांची. बारामतीत वैमानिकाचं प्रशिक्षण घेते, १७२ तास उड्डाण झालंय. २०० तासांची फी ३० लाखांच्या शैक्षणिक कर्जातून भरली, व्याज ११ टक्के. आत्याने सव्वाचार लाख दिलेत. सुट्टीला भिगवण, मोरगावला जायला आणि रोपवाटिकेतून माती-कुंड्या आणायला ३ लाख ८० हजारांची जुनी गाडी घेऊ का?

उत्तर: आत्ता नको घेऊस.

पहाटे गणवेश चढवून धावपट्टीशी बसायचं, वारा वाढला की नऊला खोलीवर परतायचं आणि गच्चीतल्या गुलाबांचं तण काढायचं, असं तू लिहिलंस. या दिवसांत मन ताळ्यावर ठेवणारी ती बाग आहे, तिला हात लावायला मी सांगणार नाही. प्रश्न फक्त गाडीचा आहे.

तुझ्या कर्जाचं व्याज वर्षाला ३ लाख ३० हजार, म्हणजे महिन्याला २७,५०० रुपये. परवाना हातात आला की दुसऱ्या दिवशी पगार सुरू होत नाही. मधल्या काळात भरती परीक्षा, मुलाखती, वर्ग १ च्या वैद्यकीय तपासणीचं नूतनीकरण आणि बहुधा टाइप रेटिंगचा, म्हणजे ठरावीक जातीचं विमान चालवायच्या प्रशिक्षणाचा, मोठा खर्च असतो. आत्याच्या पैशात पंधरा महिन्यांचं व्याज निघतं. दुसरं, उड्डाणाची चाचणी पुन्हा द्यावी लागली तर जादा तास तुझ्या खिशातून. तुझ्याच शाळेचा दर तासाला १४,००० आहे. गाडीची किंमत म्हणजे असे २७ तास. पावसाळा सरलाय, आता तास भराभर होतील आणि अशी बिलंही लवकर येतील.

म्हणून ४ लाख स्वीप-इन मुदत ठेवीत ठेव, म्हणजे बचत खात्याला जोडलेल्या, लागतील तेवढेच पैसे मोडता येणाऱ्या ठेवीत; शेअर बाजारात नको. शिक्षण चालू असताना व्याज भरलं तर दरात सवलत मिळते का, हे बँकेला विचार. काही बँका देतात. पगार सुरू झाल्यावर जुन्या करप्रणालीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट मिळते, नव्या प्रणालीत नाही; पण तिची जास्तीत जास्त आठ वर्षं व्याज भरायला लागलेल्या वर्षापासूनच मोजतात.

उरलेले २५,००० फिरण्याचे आणि बागेचे. २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, मोरगाव-जेजुरी आरामात होतं. भिगवणला रोहित पक्षी हिवाळ्यात येतात. तेव्हा मैत्रिणींसोबत भाड्याची गाडी करा. माती-कुंड्यांना एखाद्या रिक्षाची फेरी पुरते.

एक गोष्ट मात्र याच आठवड्यात कर. कर्जासोबत विमा घेतला असेल तर पॉलिसी काढून वाच. अनेक अपघात विम्यांत प्रवासी म्हणून केलेला विमानप्रवास धरतात, स्वतः विमान चालवताना झालेला अपघात धरत नाहीत. तसं असेल तर बँकेकडून लेखी उत्तर घे. जामीनदार आई आहे, हा धोका तिच्या डोक्यावर राहता कामा नये.

पहिला पगार झाला की गाडीचं परत लिही. आणि ऑक्टोबर आहे, गुलाबाची छाटणी उरकून घे.