मोटार कंपनीचे नवे-जुने

वाचकांचे प्रश्न : अर्थकारण

प्रश्न : अमेरिकेतील मोटार कंपन्या बुडू लागल्या तेव्हा तेथील सरकारने त्यांना अब्जावधी डॉलर दिले आणि त्याला ‘उद्योग वाचवला’ असे म्हटले गेले. आमच्याकडे कर्जमाफी जाहीर झाली की पतशिस्त बिघडते, शेतकऱ्याला फुकटाची सवय लागते, असे लेख छापून येतात. पैसा दोन्हीकडे करदात्याचाच आहे. मग फरक कोणता, हे स्पष्ट करावे.
— एक निवृत्त शिक्षक आणि कोरडवाहू कापूस उत्पादक, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ

उत्तर : आपला राग रास्त आहे, परंतु आपण बोट ठेवले आहे त्याच्या थोडे बाजूला खरे दुखणे आहे, असे मला वाटते. ते दाखवण्याआधी तिकडे काय घडले ते सांगणे भाग आहे, कारण ‘सरकारने पैसे दिले’ एवढ्या तीन शब्दांत ती हकिकत बसत नाही.

जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या डेट्रॉइटच्या तीन कंपन्यांचा नफा मोठ्या, भरपूर पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांवर उभा होता. शिवाय लाखो निवृत्त कामगारांच्या निवृत्तिवेतनाचा आणि औषधोपचारांचा जुना खर्च त्यांच्या डोक्यावर होता. जुलै २००८ मध्ये कच्चे तेल पिंपामागे १४७ डॉलरवर गेले आणि त्या गाड्यांचे गिऱ्हाईक आटले. सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली, तेव्हा ज्या कर्जावर अमेरिकन माणूस गाडी घेतो ते कर्जच मिळेनासे झाले. २००७ मध्ये त्या देशात सुमारे १ कोटी ६० लाख गाड्या विकल्या गेल्या होत्या. २००९ मध्ये हा आकडा १ कोटी ४ लाखांच्या आसपास आला.

नोव्हेंबर २००८ मध्ये तिन्ही कंपन्यांचे प्रमुख मदत मागण्यासाठी वॉशिंग्टनला गेले, ते तीन वेगवेगळ्या खासगी विमानांनी. उसनवारीला जाताना माणूस निदान अंगावरचे दागिने तरी घरी ठेवून जातो. लोकप्रतिनिधींनी त्यांना भर सभेत इतके सुनावले, की पुढच्या महिन्यात ते डेट्रॉइटहून मोटारीने आले. तरीही सिनेटमध्ये मदतीचा प्रस्ताव अडला. अलाबामासारख्या राज्यांत परदेशी कंपन्यांचे कारखाने व्यवस्थित चालू होते, आणि तेथील सिनेटर रिचर्ड शेल्बी यांच्यासारख्यांचा विरोध कडवा होता. म्हणजे ‘चुकलेल्याला मदत केली की तो पुन्हा चुकतो’ हा युक्तिवाद केवळ शेतकऱ्यासाठी राखून ठेवलेला नाही. तो तिकडे मोटार कंपन्यांच्या तोंडावरही फेकला गेला होता. अखेर १९ डिसेंबर २००८ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी बँकांसाठी मंजूर झालेल्या निधीतून १७.४ अब्ज डॉलरचे कर्ज जाहीर केले. त्या वेळच्या दराने ही रक्कम ऐंशी हजार कोटी रुपयांच्या पुढे जाते.

ते कर्ज होते आणि त्याला अटी होत्या. कंपनी तगून राहील अशी योजना मार्चअखेर दाखवा, अशी मुख्य अट होती. (मार्चअखेर हा शब्द आपल्याला किती ओळखीचा आहे, हे सांगायला नको.) ३० मार्च २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी जनरल मोटर्स आणि क्रायस्लर या दोघांच्याही योजना अपुऱ्या ठरवल्या; जनरल मोटर्सचे प्रमुख रिक वॅगनर यांना पायउतार व्हावे लागले. क्रायस्लर ३० एप्रिलला आणि जनरल मोटर्स १ जूनला दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली, आणि १० जुलैला, म्हणजे सहा आठवड्यांच्या आत, जनरल मोटर्स त्यातून बाहेरही आली.

ती बाहेर कशी आली, हे आपल्याकडच्या माणसाला एका शब्दात कळेल. त्या कंपनीने नवे-जुने केले.

सेवा सहकारी सोसायटीतले नवे-जुने आपण पाहिलेले असणारच. माझ्या लहानपणी मी वडिलांबरोबर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सोसायटीच्या एका खोलीच्या कार्यालयात गेलो होतो, ते चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. गटसचिवाच्या टेबलावर कापडी पुठ्ठ्याची लांब वही, वहीवर वारा लागू नये म्हणून ठेवलेला तराजूचा मापाचा दगड, आणि बाहेर ओट्यावर सावकाराचा माणूस, बिडी ओढत, घाई नसल्यासारखा. त्याच्याकडून घेतलेले पैसे वडिलांनी भरले, जुने खाते निरंक झाले, काही दिवसांनी नव्या पीककर्जाची उचल मिळाली आणि ती व्याजासह त्याच माणसाच्या हातात गेली. कागदावर कर्ज फिटले होते आणि नवे मिळाले होते. घरात खतापुरतेही पैसे आले नव्हते.

जनरल मोटर्सचे नवे-जुने वेगळ्या जातीचे होते. तेथे खाते नव्हे, कंपनीच दोन झाली. शेवरोले, कॅडिलॅक, ब्यूक ही चालणारी नावे आणि चालणारे कारखाने ‘नव्या’ कंपनीकडे गेले. बंद पडलेले कारखाने, प्रदूषित जमिनी आणि बहुतेक जुनी देणी ‘जुन्या’ कंपनीकडे राहिली; तिचे नावही बदलून मोटर्स लिक्विडेशन कंपनी झाले, म्हणजे मोडीत काढण्यासाठीच उरलेली कंपनी. नव्या कंपनीत अमेरिकी सरकारला सुमारे ६१ टक्के, कॅनडाच्या सरकारांना सुमारे १२ टक्के, आणि कामगारांच्या आरोग्यनिधीला १७.५ टक्के हिस्सा मिळाला. ज्यांनी कंपनीला सुमारे २७ अब्ज डॉलर रोख्यांतून दिले होते त्यांच्या वाट्याला १० टक्के आले, आणि जुन्या भागधारकांच्या हाती काहीच उरले नाही.

आता आपल्या सातबाऱ्याकडे पाहावे. विहीर, झाडे आणि चांगली काळी जमीन एका नव्या सातबाऱ्यावर, आणि बोंड अळीच्या वर्षातले थकलेले कर्ज दुसऱ्या जुन्या सातबाऱ्यावर टाकून तो जुना बुडीत काढावा, अशी सोय शेतकऱ्याला कुठे आहे? इतर हक्कांत चढलेला बोजा जमिनीबरोबर चालतो. बाप गेला तर मुलाच्या नावावर फेरफार होतो आणि बोजाही येतो. कंपनी मर्यादित जबाबदारीची असते, ती कायद्याने मरू शकते आणि तिच्या मालकाचे राहते घर शाबूत राहते. शेतकरी हा स्वतःच्या धंद्यापासून वेगळा काढता येत नाही. आपण विचारलेल्या फरकाचे मूळ माझ्या मते येथे आहे. मदतीच्या रकमेत किंवा नावात ते नाही.

योगायोग असा, की बुश यांच्या घोषणेच्याच वर्षी, २९ फेब्रुवारी २००८ रोजी, आपल्या केंद्रीय अर्थसंकल्पात ६० हजार कोटींची कृषी कर्जमाफी जाहीर झाली होती. तिची कलमे आठवून पाहावीत. पूर्ण माफी २ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला होती. त्याहून अधिक जमीन असणाऱ्याला उरलेली रक्कम भरल्यावर साधारण २५ टक्के सूट होती. बागायती भागात २ हेक्टरचा मालक बरा सुखवस्तू असू शकतो, पण यवतमाळ किंवा वाशीमच्या कोरडवाहू, मुरमाड जमिनीत ३ हेक्टरवालाही पावसाकडेच पाहत असतो. त्यातच कर्ज ३१ डिसेंबर २००७ रोजी थकलेले असणे आवश्यक होते. म्हणजे ज्याने सावकाराकडून पैसे उचलून सोसायटीचे नवे-जुने वेळेवर केले, त्याचे सोसायटीतले खाते थकीत नव्हते आणि सावकाराचे देणे योजनेत बसत नव्हते. त्याला दोन्हीकडून काहीच मिळाले नाही. पुढे राज्याच्या २०१७ आणि २०१९ च्या योजनांमध्ये नियमित फेडणाऱ्यांसाठी प्रोत्साहनपर रक्कम ठेवली गेली, ती याच अनुभवानंतर.

म्हणून ‘कंपन्यांना दिले तसे आम्हालाही द्या’ ही मागणी मला अपुरी वाटते. कर्जमाफी आकडा पुसते आणि धंदा आहे तेथेच सोडून जाते. पाणी, बियाण्याचा खर्च, कापसाचा भाव यांतले काहीच तिने हलत नाही. मोटार कंपन्यांच्या बाबतीत व्यवस्थापन बदलले, हिस्सा घेतला गेला, तोट्याची अंगे तोडली गेली. त्याची किंमतही मोजली गेली, आणि ती सर्वांनी सारखी मोजली नाही. क्रायस्लरने एका फटक्यात ७८९ विक्रेत्यांशी करार तोडले. त्यांतले अनेक लहान गावांतले, दोन-तीन पिढ्यांचे दुकानदार होते. आपल्या तालुक्यातले एकमेव कृषी सेवा केंद्र एका पत्राने बंद झाले तर काय होईल, याची कल्पना करावी. नव्याने कामावर येणाऱ्या कामगाराला जुन्याच्या जवळपास निम्मे वेतन, ही २००७ च्या करारातली पद्धतही बराच काळ टिकली.

पैसे परत आले का, असेही विचारले जाते. मोटार उद्योगावर सरकारने सुमारे ८० अब्ज डॉलर घातले आणि सुमारे ७० अब्ज परत मिळवले. जनरल मोटर्समधला शेवटचा हिस्सा डिसेंबर २०१३ मध्ये विकला गेला. त्या एका कंपनीत १० अब्जांहून अधिक बुडाले. १९८० च्या क्रायस्लरच्या मदतीत मात्र सरकारने स्वतः पैसे न देता १.५ अब्ज डॉलरच्या कर्जाला हमी दिली होती. क्रायस्लरचे तेव्हाचे प्रमुख ली आयकोका यांनी ते कर्ज मुदतीच्या सात वर्षे आधी, १९८३ मध्ये फेडले आणि सरकारला त्यातून नफाही झाला.

फोर्डचे उदाहरण आपल्याला आवडेल. त्या कंपनीने २००६ मध्येच कारखान्यांपासून स्वतःच्या निळ्या बोधचिन्हापर्यंत सारे गहाण टाकून २३.६ अब्ज डॉलर उभे केले होते, त्यामुळे सरकारी बचावाचा पैसा तिला घ्यावा लागला नाही. तरीही फोर्डचे प्रमुख प्रतिस्पर्ध्यांना मदत द्या म्हणून सांगायला गेले, कारण तिघांचे सुटे भाग बनवणारे कारखाने बरेचसे एकच होते. परिसरातली जिनिंग बंद पडली तर ज्याच्यावर एक रुपया कर्ज नाही त्याचाही कापूस घरात पडून राहतो, तसेच ते आहे.

आता एक गोष्ट, जी मला आपल्या मूळ तक्रारीहून अधिक महत्त्वाची वाटते. अमेरिकेने १९८६ मध्ये, तेथील शेतकरी कर्जात बुडत असताना, कौटुंबिक शेतकऱ्यासाठी दिवाळखोरी कायद्यात ‘प्रकरण १२’ म्हणून स्वतंत्र तरतूद केली. शेतकरी शेती चालू ठेवतो, साधारण तीन ते पाच वर्षांची फेडीची योजना न्यायालयापुढे मांडतो, आणि जमिनीची किंमत कर्जापेक्षा खाली आली असेल तर तारण कर्ज त्या किमतीपर्यंत कमी होऊ शकते. आपल्या २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतही लहान कर्जदाराला ‘नवी सुरुवात’ देणारी कलमे लिहिलेली आहेत, परंतु ती अंमलात आणलेली नाहीत. शिवाय त्यांतील मर्यादा ३५ हजार रुपयांच्या कर्जाची आहे आणि अर्जदाराच्या मालकीचे घर असता कामा नये, अशीही अट आहे. मातीचे का होईना, घर कोणत्या शेतकऱ्याला नसते? मागायचेच असेल तर आपण हे मागावे.

प्रश्न : आमच्या आजोबांच्या काळी अ‍ॅम्बॅसेडर म्हणजे मोठ्या माणसाची गाडी होती. सरकारी अधिकारीही तीच वापरत. मग ती कंपनी सरकारने का वाचवली नाही?
— एक वाचक भगिनी, तालुका मोर्शी, जिल्हा अमरावती

उत्तर : ताई, ती कंपनी अनेक दशके वाचवलीच जात होती, फक्त तिजोरीतून पैसा दिला गेला नाही. परदेशी गाड्यांच्या आयातीवर बंधने आणि नव्या कारखान्याला परवाना नाही, अशा व्यवस्थेत हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बॅसेडर आणि प्रीमियरची पद्मिनी या दोघींना गिऱ्हाइकाच्या दारात जावे लागत नव्हते. गिऱ्हाईक नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहत होते. त्या मदतीचे बिल आपल्या आजोबांच्या पिढीने जास्त किंमत आणि जुने इंजिन या रूपात भरले. तिला कोणी कर्जमाफी म्हटले नाही.

खरा सरकारी बचाव मारुतीचा झाला. संजय गांधींची मूळ मारुती कंपनी गाडी न काढताच बुडाली होती. सरकारने तिची मालमत्ता ताब्यात घेऊन १९८१ मध्ये मारुती उद्योग स्थापन केली, सुझुकीला भागीदार केले, आणि डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली. २००७ पर्यंत सरकार टप्प्याटप्प्याने बाहेरही पडले. अ‍ॅम्बॅसेडरचा उत्तरपाड्याचा कारखाना मे २०१४ मध्ये थांबला, आणि २०१७ मध्ये ते नाव फ्रान्सच्या प्यूजो समूहाला ८० कोटी रुपयांना विकले गेले.

प्रश्न : मी काळीपिवळी चालवतो. गाडी जनरल मोटर्सची टवेरा आहे, जुनी झाली तरी बारा-चौदा माणसे ओढते. अमेरिकेच्या सरकारने एवढा पैसा घालून कंपनी वाचवली, तर मग ती भारतातून का निघून गेली?
— एक चालक, तालुका चिमूर, जिल्हा चंद्रपूर

उत्तर : बारा-चौदा माणसांची गोष्ट आपण लेखी कळवली नसती तर बरे झाले असते, परवाना किती जणांचा आहे हे आपल्याला ठाऊक आहेच.

आपल्या प्रश्नातच उत्तर आहे. अमेरिकी करदात्याने कंपनी वाचवली ती जेथे पैसा मिळतो तेथेच राहायला शिकवून. बचावाच्या काळात पाँटिअ‍ॅक आणि सॅटर्न ही नावे मिटली, हमर बंद झाली, स्वीडनची साब विकली गेली. तीच सवय पुढेही राहिली. २०१७ मध्ये कंपनीने युरोपातली ओपेल विकली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस भारतात गाड्या विकणे थांबवले. पुण्याजवळच्या तळेगावच्या कारखान्यात निर्यातीसाठी गाड्या बनत राहिल्या, डिसेंबर २०२० मध्ये तेही थांबले, आणि नंतर तो कारखाना ह्युंदाईकडे गेला.

आपली टवेरा मुळात इसुझू या जपानी कंपनीच्या आराखड्यावरची. ती गुजरातमधील हालोल येथे तयार होत असे. हालोलचा तो कारखाना चीनच्या एसएआयसी समूहाने घेतला, आणि आज तेथून एमजीच्या गाड्या बाहेर पडतात.