भाऊगर्दी: यातला भाऊ कोण आणि गर्दी कसली?

प्रश्न असा आलाय की "उमेदवारांची भाऊगर्दी" म्हणतो त्यातला भाऊ पानिपतचा का, आणि भाऊसाहेबांनी यात्रेकरू, बायकामुलं, बाजारबुणगे (लष्करामागून चालणारे न लढणारे लोक) असे हजारो लोक सोबत नेले म्हणून हा शब्द आला असा फॉरवर्ड फिरतोय तो खरा का. आणि भाऊ ऱ्हस्व का दीर्घ.

भाऊ पानिपतचाच, म्हणजे पानिपतच्या लढाईतले मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ. बाकीचा फॉरवर्ड मला पटत नाही. बुणगे नव्हते असं नाही, भरपूर होते, आणि अडीच महिने पानिपतला अडकून पडल्यावर त्यांचं खाणंपिणं हाच मोठा घोर होता. पण गोची दुसऱ्या शब्दात आहे. आपण गर्दी म्हणजे लोकलमधली गर्दी धरून चालतो, जुन्या मराठीत गर्दी म्हणजे धुमाळी, कापाकापी, दाणादाण. बखरींत फौज "गर्दीस मिळाली" असं येतं ते माणसं फार जमली म्हणून नाही, धुळीला मिळाली म्हणून. हिंदीतली गुंडागर्दी, आवारागर्दी आठवा, तिथे कुठे माणसं मोजतो आपण? मूळ फारसी गर्दीदन, म्हणजे फिरणं, उलटणं.

आणि हा शब्द एकटा नाहीये. 1739 ला नादिरशहाने दिल्लीत कत्तल केली ती नादिरगर्दी, 1753 ला सूरजमल जाटाच्या लोकांनी दिल्ली लुटली ती जाटगर्दी, पानिपतला भाऊंच्या समोर होता त्या अहमदशाह अब्दालीची ती शाहगर्दी. भाऊगर्दी याच माळेतली. आता इथे एक खोच आहे बघा, नादिरगर्दी म्हणजे नादिरने घातलेला धुमाकूळ, मग भाऊगर्दी म्हणजे भाऊंनी घातलेला असं व्हायला हवं ना? 1760 च्या ऑगस्टमध्ये दिल्ली घेतल्यावर पैशाची इतकी ओढाताण होती की भाऊंनी दिवाण-ए-खासच्या छताची चांदी काढून फौजेचा खर्च भागवला, त्यामुळे तिकडच्या तोंडी तो अर्थ असूही शकतो. मराठीत मात्र 14 जानेवारी 1761 ला भाऊंच्या लष्कराची जी दाणादाण झाली तीच भाऊगर्दी, असं माझं मत. पुढे गर्दीचाच अर्थ पातळ होत "खूप माणसं" इतका उरला आणि पाठोपाठ भाऊगर्दी पण लग्नाच्या पंगतीत जाऊन बसली.

जाता जाता, "संक्रांत कोसळणे" हे पण पानिपतामुळे, कारण लढाई संक्रांतीला झाली, असं त्याच फॉरवर्डात आहे. 14 जानेवारी ही आत्ताची तारीख हो! अयनचलनामुळे, म्हणजे पृथ्वीचा आस हळूहळू दिशा बदलतो त्यामुळे, संक्रांत साधारण सत्तर वर्षांनी एक दिवस पुढे सरकते, तेव्हा ती 10 तारखेच्या आसपास यायची. पानिपत झालं पौष शुद्ध अष्टमीला. संक्रांतीला पडले ते मराठा सरदार दत्ताजी शिंदे, आदल्या वर्षी 10 जानेवारी 1760 ला, दिल्लीजवळ यमुनेच्या बुराडी घाटावर. आणि संक्रांतदेवी ज्याच्याकडे बघते त्याचं वाटोळं होतं ही समजूत पंचांगातली आहे, तिला पानिपतची गरज नाही.

भाऊंच्या तोफखान्याचा सरदार इब्राहीमखान गारदी, त्याच्या नावातला गारदी वेगळा बरं का, तो युरोपियन "गार्ड" वरून आलाय, त्याची गर्दीशी गल्लत नको.

ऊ दीर्घच. भाऊबीज लिहिता तसं.