मुंबईत घराच्या परसात बर्फ पाडणारं मशीन बनवता येईल का? सामान कुठे मिळेल?

सामान नागदेवी स्ट्रीटला एका दुपारी मिळेल. मशीन तुम्ही बनवालही आणि ते व्यवस्थित चालेलही. फक्त त्यातून बर्फ पडणार नाही.

तुमचं गोराईला बैठं घर आहे, डिसेंबरात मुलीचा वाढदिवस आहे आणि व्हिडिओत बघितल्याप्रमाणे प्रेशर वॉशरला (गाड्या धुवायचा जोराच्या पाण्याचा पंप) एअर कॉम्प्रेसर जोडून परसात बर्फ पाडायचा आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी एसी-रेफ्रिजरेशनच्या लाइनीत २२ वर्षं आहे आणि हा किडा माझ्याही डोक्यात वळवळून गेलाय, म्हणून सविस्तर सांगतो.

बर्फ फवारणाऱ्या त्या मशीनला गन म्हणतात, आणि तिच्यात फार काही नसतं. एका बाजूने जोराचं पाणी बारीक नोझलमधून फवारलं जातं. दुसऱ्या छोट्या नोझलमधून दाबाची हवा आणि अगदी थोडं पाणी एकत्र बाहेर पडतं. दाबातली हवा एकदम मोकळी झाली की खूप गार होते, त्यामुळे तिच्यातल्या थेंबांचे सूक्ष्म बर्फकण बनतात. हे कण म्हणजे विरजण. ते मोठ्या फवाऱ्यात मिसळले की बाकीचे थेंब गोठायला लागतात. विरजण नसेल तर शुद्ध पाण्याचा बारीक थेंब उणे ३८ अंशांच्या आसपासपर्यंत पाणीच राहू शकतो, शून्याला गोठलाच पाहिजे असं नाही. स्कीइंगच्या काही ठिकाणी तर पाण्यात स्यूडोमोनास सिरिंजी नावाच्या जिवाणूपासून काढलेलं प्रथिन मिसळतात, तेही विरजणच.

आता मुख्य अडचण. थेंब गोठताना उष्णता बाहेर टाकतो आणि ती कोणीतरी घ्यावी लागते. ती मशीन घेत नाही, भोवतालची हवा घेते. थोडं पाणी वाफ होऊन उडून जातं आणि उरलेल्याला गार करतं, माठात होतं तसं. माठ आणि कूलर नागपुरात मस्त चालतात आणि मुंबईत रडतात, कारण आपल्या हवेत आधीच पाणी भरलेलं असतं. म्हणून बर्फ पाडणारे लोक नुसतं तापमान बघत नाहीत, ओल्या फडक्याचं तापमान बघतात. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळा, पंख्याखाली धरा, काटा उतरून जिथे थांबेल तो आकडा. तो उणे २ च्या खाली गेला तर गन बर्फ टाकते. मुंबईत डिसेंबरातल्या चांगल्या गार पहाटे, १८ अंश आणि ७० टक्के आर्द्रता धरली, तर तो येतो साडेचौदाच्या आसपास. सांताक्रूझला नोंदलेलं सर्वात कमी तापमान ७.४ अंश आहे, २२ जानेवारी १९६२ चं. म्हणजे साधं तापमानसुद्धा शून्याजवळ आलेलं नाही.

एसी लावून परसच गार करू, असं मनात येईल, म्हणून हिशोब करून देतो. छोटा प्रेशर वॉशर मिनिटाला ६ लिटर पाणी टाकतो, तासाला ३६०. ते २५ अंशांवरून शून्यावर आणून गोठवायला साधारण साडेबारा टन एसी लागेल, म्हणजे दीड टनाचे आठ-नऊ. तेही उघड्या हवेत आणि एकही थेंब वाया न जाता. (एसीचा ‘टन’ हा मुळात बर्फाचाच टन. सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळवायला लागणारी उष्णता. गिऱ्हाइकांना हे सांगितलं की वाटतं मी फेकतोय.)

१९५० मध्ये अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये वेन पियर्स, आर्ट हंट आणि डेव्ह रिची या स्की बनवणाऱ्या तिघांनी कॉम्प्रेसर, स्प्रे गनचं नोझल आणि बागेतली नळी जोडून पहिली गन चालवली, तेव्हा तिथे थंडी होती, फक्त बर्फ पडत नव्हता. आपल्याकडे उत्तराखंडात औलीला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी अशी यंत्रं बसवली, कारण तिथे थंडी फुकट मिळते. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दर वर्षी हिमकण दिसल्याची बातमी येते, पण ते जमिनीलगत गोठलेलं दव असतं.

मी स्वतः लालबागला मित्राच्या चाळीच्या गच्चीवर, जानेवारीत पहाटे ५ वाजता, हे करून बघितलं. पितळी फिटिंग, टेफलॉन टेप, प्रेशर गेज, सगळं नीट. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारी झडप, मात्र ‘नंतर बघू’ म्हणून राहिला. वॉशरचा दाब कॉम्प्रेसरपेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे पाणी उलटं एअर लाइनमधून टाकीत शिरलं आणि मागून आणलेला कॉम्प्रेसर पुढे आठवडाभर गंजकं पाणी थुंकत होता. गच्चीवर धुकं मात्र झकास झालं. दोरीवर राहिलेल्या दोन गोधड्या चिंब झाल्या आणि त्यांच्या मालकिणीने माझ्या आईपर्यंत तक्रार नेली.

त्याच गनचा नोझल ब्लॉक, म्हणजे नोझल बसवलेला ठोकळा, पुढच्या वर्षी मनालीला एका हॉटेलच्या कोल्ड रूमच्या कामाला जाताना बॅगेत टाकला. रात्री उणे ५. सुरुवातीला नुसता चिखल पडत होता. तिथल्या एकाने सांगितलं, बाही फवाऱ्याखाली धर. कण बाहीवर चिकटून ओला डाग पडला तर पाणी कमी कर, टुणकन उडाला तर बरोबर. वॉशरचा व्हॉल्व्ह जरा आवळला आणि काळ्या जॅकेटवरून साबुदाण्यासारखे दाणे उडायला लागले. पाकळ्या-बिकळ्या नाहीत हं, दाणेच. कृत्रिम बर्फ असाच असतो.

तरीही धुक्यासाठी मशीन बनवायचंच असेल तर दोन गोष्टी पाळा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आधी घ्या, आणि दाबाच्या हवेला पीव्हीसी पाइप अजिबात वापरू नका. तो फुटतो तेव्हा तुकडे उडतात.

वाढदिवसासाठी मी तुमच्या जागी असतो तर बर्फाच्या कारखान्यातून चुरा आणला असता. १० बाय १० फुटांवर २ इंचांचा थर द्यायला साधारण अडीचशे किलो लागेल. खाली प्लास्टिक, त्यावर गोणपाट, आणि मुलं येईपर्यंत वरूनही गोणपाट. ऊन उतरल्यावरच पसरा. फोमचं मशीन भाड्याने मिळतं, पण तो साबण आहे, लादीवर मुलं आपटतात. डायपरमधल्या पावडरीचा ‘इन्स्टंट स्नो’ दिसतो छान, पण गटारात गेला की फुगून बसतो.

ऑर्डर देताना खाण्याचा बर्फ हवा असं स्पष्ट सांगा. २०१८ पासून महाराष्ट्रात न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे. मासळीवाल्यांचा स्वस्तातला चुरा आणलात तर परस निळं दिसेल, आणि मुलं तो तोंडात घालणारच.